ज्याचं नुकसान, त्याच्या घरी जेवण

मनुका समजून मी मोहफुलं उकळली, ही माझी पहिली चूक. ती अज्ञानातून झाली. दुसरी चूक मी पूर्ण शुद्धीत केली, आणि ती करताना एकही खोटा शब्द बोललो नाही. पहिली चूक मी माझ्या घरमालकांच्या माथी मारली. त्यांनी ती पाहुण्यासारखी घरात ठेवून घेतली आणि मला जेवायला बोलावलं. त्या जेवणाला जायला मी इतकी वर्षं लावली, की आता त्याबद्दल लिहिताना आधी त्यांच्याबद्दल लिहिलेलं बरं वाटतं.

सगळं गाव त्यांना नाकेदार म्हणायचं. आमच्या भागात वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. 'आमच्या भागात' हे मी आता म्हणतो. मुळात मी नगरकडचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत नोकरी लागली, म्हणून आलो आणि नाकेदारांच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ते तेव्हाच निवृत्त होते. पण अंगातला खाकी शर्ट आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी सोडली नव्हती. नोकरीत असताना ती शिट्टी चोरट्या लाकडाच्या बैलगाड्या थांबवायला वाजायची. मी आलो तेव्हा ती जेवणासाठी वाजायची.

याचा उलगडा करायला हवा. इथल्या जंगलगावांत जुनी रीत आहे. कोणी कोणाचं नुकसान केलं, की पंचायत बसते, दंड ठरतो आणि गुन्हेगाराने गावाला जेवण द्यायचं. बकरा त्याचा, तांदूळ त्याचा. सगळे एका पंगतीत जेवले, की तो परत माणसांत आला. त्यानंतर जो हा विषय परत काढील तोच दोषी. नाकेदारांनी ही रीत मनापासून पाळली, फक्त एका ठिकाणी उलटी केली. त्यांच्याकडे जेवण द्यायचं ते ज्याचं नुकसान झालं त्याने. म्हणजे त्यांनीच.

शेजारच्या एका माणसाने त्यांची कोंबडी चोरून खाल्ली. पिसं मागच्या नालीत सापडली. नाकेदारांनी निरोप धाडला, "एक तू खाल्ली. दुसरी आपण दोघं खाऊ. ये." तो भीत भीत आला. नाकेदारांनी त्याला ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसवलं, पान वाढलं आणि फाटकाशी जाऊन शिट्टी फुंकली. "पंगत बसली हो!"

त्यामुळे झालं असं, की त्या ओसरीवर कोणी जेवताना दिसला की येणारे-जाणारे सायकल थांबवून विचारत, "काय केलं बे?" गुन्हा लहान असेल तर जेवणारा सांगून टाकी. मोठा असेल तर मान खाली घालून वरण ओरपी. नाकेदारांचे साळे सिंदेवाहीहून येत ते आतल्या खोलीत दार लोटून जेवत. म्हणत, "मी पाहुणा हाओ. बाहीर बसलो तर लोक म्हणतीन, यानं काय केलं."

लोकांनी फायदा घेतला नाही असं नाही. एक रिकामटेकडा बरोबर दुपारच्या वेळी यायचा. "भाऊ, मी तुमच्याबद्दल चौकात लय वाईट बोललो जी."

"काय बोलला?"

"अजून नाई बोललो. जेवून जातो अन बोलतो."

नाकेदार ठसका लागेपर्यंत हसले आणि त्याला वाढायला सांगितलं.

त्यांची अट एकच होती. जेवणाऱ्याने दुसऱ्यांदा मागून घ्यावं. "एकदा वाढलेलं माणूस लाजेनं खाते. दुसऱ्या डावाले मागते त्याले समजलं." काय समजलं, ते सांगत नसत.

गावातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान; नाकेदारही तिच्यातलेच. रविवारी उपासनेला जेवढी माणसं जमत, त्याहून जास्त नगरला आमच्या चर्चच्या गायकवृंदात असत. मी शिकलेला, नगरचा, त्यात अक्षर बरं. त्यामुळे पहिल्याच वर्षी मला पंचकमिटीचा सेक्रेटरी केलं आणि मुलांचा रविवारचा वर्गही दिला. पंचांना नाकेदारांचा हा प्रकार पसंत नव्हता. एक पंच म्हणायचे, "यानं चोरीले उत्तेजन भेटते." दुसऱ्यांचं म्हणणं होतं, की क्षमा ही फार पवित्र गोष्ट आहे, तिला वरणाचा वास लागता कामा नये.

नाकेदारांच्या दृढीकरणाची, म्हणजे मंडळीत पक्कं सभासद होण्याच्या परीक्षेची गोष्ट तर जुने लोक अजून सांगत. तरुणपणी त्यांना पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर प्रश्न विचारला, "ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केलं?" नाकेदार ताठ उभे राहून म्हणाले, "बकरा त्यानं आणला."

"बकरा नाही. कोकरा."

"साहेब, कोकरू इथी कुठी भेटते? बकराच भेटते."

त्या वर्षी त्यांना नापास केलं. पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तकातलं उत्तर पाठ म्हणून दाखवलं आणि पास झाले. "पास झालो," ते मला म्हणाले होते, "पण बरोबर पहिल्याच वर्षीचं होतं."

बकऱ्याचं त्यांनी मला एकदा ओसरीवर सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या बिडीची ठिणगी शेजाऱ्याच्या तणशीच्या ढिगावर पडली आणि त्याच्या बैलांची वर्षभराची वैरण जळून गेली. पंचायतीने बकरा आणि तांदूळ असा दंड सांगितला. वडिलांकडे कुऱ्हाडीशिवाय काही नव्हतं. दंड भरेपर्यंत घर वाळीत पडलं. कोणी विस्तव देईना, विहिरीवर येऊ देईना. आई नाल्याचं पाणी आणायची.

"मंग एक दिवस तोच शेजारी आला," नाकेदार म्हणाले. "हातात दोरी, दोरीले बकरा. माह्या बापाले म्हणे, हे काप अन मले जेवाले बोलाव. बाप म्हणे, तणस तुही जळली, बकरा तुहा, अन जेवण माह्या नावानं? असं कसं? तो म्हणे, मंग का करू? तू बकरा आणशीन तवापर्यंत माह्यासंगं बिडी प्याले कोण हाये?"

"मग?"

"बापानं कापला. रडत कापला. पण एकदाच वाढून घेतलं अन उठला. शेजारी म्हणे, बस खाली. पोटभर नाई जेवला तू. मनात अजून हिशोब करून राह्यला."

मी भारावलो. इतका, की पुढच्याच रविवारी वर्गात मुलांना देवाची कृपा समजावताना ग्रेस मार्कांचं उदाहरण दिलं. आपण कितीही अभ्यास केला तरी थोडे कमी पडतो, देव तेवढे वाढवून देतो आणि आपण पास. नाकेदार खिडकीबाहेर उभं राहून ऐकत होते. त्यांनी आत डोकं घातलं.

"मास्तर, ग्रेस तर पासाच्या जवळ पोचला त्याले देता न तुमी?"

"हो."

"कोरा पेपर देल्ला त्याले देता?"

"नियमात बसत नाही, भाऊ."

"मंग ते आमच्या कामाचं नाई," असं म्हणून ते डोकं बाहेर काढून निघून गेले. मुलं हसली. मला राग आला. वर्गात शिस्त हवी, असं मी पंचांच्या बैठकीत बोललोही.

आता मोहफुलांकडे येतो.

महिन्यातून एकदा उपासनेत भाकर आणि द्राक्षरसाचा पेला सगळे मिळून घेतात, ते प्रभुभोजन; त्याचा रस आमच्याकडे मनुकांचा असतो. मनुका उकळायच्या, गाळायच्या, साखर घालायची. गुरुवारच्या बाजारातून मनुका आणायचं काम सेक्रेटरीचं, उकळायचं काम नाकेदारांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं. त्या आठवड्यात मी मनुका आणायला विसरलो. शनिवारी आठवलं तेव्हा बाई बहिणीकडे गेल्या होत्या आणि नाकेदार फिरायला. मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवरच्या डब्यात तपकिरी, सुरकुतलेलं, मऊ असं काहीतरी भरपूर होतं. घरात एवढ्या मनुका असताना आपण उगाच घाबरलो, असं मला वाटलं. मला सर्दी झाली होती. वाळलेली मोहफुलं मी तोवर पाहिली नव्हती. मी ती उकळली, गाळली, साखर घातली, बाटली भरली आणि देवाचे आभार मानले.

रविवारी चंद्रपूरहून आलेल्या पाळकसाहेबांनी पेला वर उचलला. पहिल्या बाकावरचे एक आजोबा प्रवचनात नेहमी झोपत. ते जागे झाले. पाळकसाहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. उकळलेल्या मोहफुलांनी कोणाला चढत नाही. पण इथली दारू मोहफुलांचीच असते, जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि तो वास या मातीत जन्मलेल्या माणसाला ओळखायला शिकवावा लागत नाही. एक मात्र मला नंतर जाणवलं. पेला कोणीच नाकारला नव्हता. उलट काहींनी नेहमीपेक्षा मोठा घोट घेतला होता.

संध्याकाळी पंच बसले. "रस कोणाच्या घरून आला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाकेदारांच्या घरून."

वाक्य खरं होतं. मी त्यांच्याच घरात राहत होतो. त्यापुढे 'पण उकळला मी' एवढंच म्हणायचं होतं. नोकरी नवी होती, गाव नवं होतं, सेक्रेटरीपद नवं होतं. मी घसा खाकरला आणि त्या खाकरण्यातच ती वेळ निघून गेली. नाकेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग पंचांकडे वळून म्हणाले, "हो जी. डबा माह्याच घरचा."

ठराव झाला: पुढील ठराव होईपर्यंत नाकेदारांना प्रभुभोजन बंद. तो मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिला.

आम्ही बरोबरच घरी परतलो. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हात धुवा. जेवाले बसा." आणि ओसरीकडे बोट केलं. रस्त्याकडे तोंड असलेल्या जागेकडे.

त्या जागेचा अर्थ मला कळत होता. मी बसलो असतो तर शिट्टी वाजली असती, आणि गावाने विचारलं असतं, मास्तर, तुम्ही काय केलं?

"मला भूक नाही, भाऊ."

"भूक लागन तवा या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बरं, मले एक सांगा. तुमाले चव कशी लागली?"

पुढच्या महिन्यात मी बसस्टँडजवळ खोली घेतली. कारण सांगितलं, शाळा जवळ पडते. शाळा तिथून लांब पडायची.

त्यानंतर वर्षं गेली. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाची वेळ झाली की नाकेदार आपणहून उठत आणि बाहेर निंबाखाली आमच्या चपलांची राखण करत बसत. गावात कुत्री फार. उपासना सुटली की विचारत, "आज मनुका होत्या का?" आणि ज्याची त्याची चप्पल त्याच्यापुढे सरकवत. माझीही.

मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, एवढं मला वाटायचं. त्यांच्या घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, मी उन्हाळ्यात स्वतः वर चढून फेरले. पाण्याची टंचाई असली की त्यांच्याकडे ड्रम भरून पाठवले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, तर दरवर्षी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून बँकेत नेलं. तिथे ते साहेबांना सांगत, "मी जित्ता हाओ का नाई, हे मास्तरले इचारा. मले नक्की सांगता येत नाई." परत सोडताना म्हणत, "हे झालं. जेवाले कवा येता?" मी म्हणे, येईन. मनात हिशोब चालू असायचा: कवेलू झाले, पाणी झालं, दाखला झाला, आता थोडंच राहिलं असेल.

त्यांना परत घेण्याचा विषय बैठकीत मांडायचा तर तो विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि पत्रिका मी काढायचो. कधी छताची गळती आड येई, कधी नवा माइक. प्रवचनाची माझी पाळी आली की मी दर वेळी क्षमेवर बोलायचो. लोक म्हणत, मास्तर क्षमेवर फार मनापासून बोलतात.

यंदा एका प्रभुभोजनाच्या रविवारी नाकेदार बाहेर गेले, आणि त्यांच्यामागून बाईही उठून गेल्या. असं कधी झालं नव्हतं. पाळक नवे होते. त्यांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी बाहेर गेलो. दोघं चपलांच्या रांगेपाशी बसले होते.

"बाई, आत चला. तुम्हाला कुठे बंदी आहे?"

"यायले तरी कायची होती?" बाई नाकेदारांकडे पाहून म्हणाल्या. "मास्तर, डबा माहा होता. मोहफुलं म्या वेचली होती, पहाटी उठून. डब्यात किती होती अन किती रायली, मले समजत नाई का? पहिल्या दिवसापासून माहीत हाये."

"मग बोलला का नाहीत?"

"यायनं बोलू देल्लं नाई. म्हणत, तो जेवाले येईन, आपण काऊन सांगाचं. दर रविवारी म्या एका माणसाचा भात जास्त टाकला. दर सोमवारी तो आमीच खाल्ला." त्यांनी नाकेदारांकडे हात केला. "माफ कराचं यायनं, अन रांधाचं म्या! पोराईले शिकवता न तुमी, देवाची कृपा फोकट हाये म्हणून? खाणाऱ्याले फोकट हाये मास्तर. चूल फुकते त्याले इचारा."

नाकेदार कुणाच्या तरी चपलेचा तुटका अंगठा निरखत होते.

"अन आता यायले डोळ्यानं दिसत नाई बरोबर," बाई हळू म्हणाल्या. "एक डाव आत बसून तो पेला प्याचा हाये यायले. तोंडानं म्हणत नाईत."

मी आत गेलो. पाळकसाहेबांना हात जोडून थांबवलं आणि उभा राहून सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं मनात घासलेली कबुली होती ती; तिला प्रस्तावना होती, उपसंहार होता. मी रडलोही. मग ते 'चोरीले उत्तेजन'वाले पंच उठले. "मास्तरनं एवढ्या वर्षानं बी मन मोकळं केलं, ही त्यायची नम्रता हाये. आपण त्यायचं अभिनंदन करू." टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या.

तिथल्या तिथे ठराव झाला. नाकेदारांना परत घ्यावं, मात्र त्यांनी यापुढे घरात मोहफुलं ठेवू नयेत. माझ्याबद्दल कोणी काही सुचवलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, की सेक्रेटरी बदलला तर ठराव लिहील कोण?

दोन तरुणांनी नाकेदारांना धरून आत आणलं, पहिल्या बाकावर बसवलं. बाई शेजारी बसल्या. पाळकसाहेबांनी पेला त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"मनुका?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"मनुका."

ते प्यायले. मग बाहीने मिशी पुसली, डोळे पुसले आणि शेजारच्याला सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू म्हणाले, "फिक्कं हाये."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पायाशी वाकलो. "भाऊ, मला क्षमा..."

"राहू द्या," ते म्हणाले. "ते तुमी पंचाईले सांगितलं, चांगलं केलं. पण पंचाईचं काई नुकसान नोतं झालं. गुरुवारी या."

गुरुवार म्हणजे बाजार. त्यांच्या घरावरूनच सगळा तालुका जातो.

गुरुवारी मी बाजारातून किलोभर मनुका घेतल्या आणि गेलो. बाईंनी पुडा पाहिला. "हे का होय? दंड?"

"नाही बाई, असंच..."

"दंडच हाये. द्या इकडं." त्यांनी पुडा फळीवर ठेवला. शेजारी मोहफुलांचा डबा होता. मंडळीच्या ठरावाने तो तसूभरही हललेला नव्हता. "आता दोन्हीवर चिठ्ठ्या लावून ठेवतो. मास्तरले समजाले."

मी ओसरीवर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. बाईंनी ताट आणलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. नाकेदार भिंत धरत फाटकाशी गेले आणि शिट्टी फुंकली. आता दम राहिला नव्हता. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, दुसऱ्यांदा चिमणीएवढा आवाज आला. पण बाजाराचे लोक थांबायला तेवढा पुरला. कोंबडी चोरून खाल्लेला तो शेजारी पिशवी घेऊन चालला होता. तो फाटकाशी आला.

"मास्तर? तुमी बी? तुमी काय केलं जी?"

घास गिळून मी म्हणालो, "मोहफुलं उकळली. आणि नाव यांचं होऊ दिलं."

"बापा!" तो म्हणाला. "मंग तर बकराच पायजे होता." पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "वांगे चांगले होते आज बाजारात," आणि निघून गेला. बाकीचेही निघून गेले. ज्याच्या भीतीने मी बसस्टँडजवळ म्हातारा होत आलो, ते कांद्याचा भाव करायला लागतो त्याहून कमी वेळात संपलं.

ताट रिकामं झालं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. नाकेदार माझ्याकडे पाहत नव्हते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ताटाकडे पाहत होते. बाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर माफीबिफी काही नव्हती, चुलीचा घाम होता. कवेलू, पाणी, हयातीचे दाखले, रविवारच्या टाळ्या, फळीवरच्या किलोभर मनुका, सगळं माझ्या डोक्यात ओळीने उभं होतं. आत्ता उठलो असतो तर गावाच्या लेखी रीत पुरी झाली असती. तणशीची बेरीज मनात करत एकदाच जेवून उठलेला तो बाप मला आठवला.

मी ताट पुढे केलं.

"बाई," मी म्हणालो, "अजून भात वाढा."